टॉपिक बदलू नकोस, वर्षं कमी कर

आलेलं पत्र थोडं कापून देतेय:

"ताई, मी 32 वर्षांची आहे. इतिहासात एमए, सेट पास, पाच वर्षं एका कॉलेजात सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) शिकवते. माझी पणजी लालबागच्या एका गिरणीत रीळ खात्यात होती आणि आजी वाइंडिंगला (दोन्ही सूत गुंडाळायची खाती), 1982 च्या संपापर्यंत. मला पीएचडी करायचीय 'मुंबईच्या कापड गिरण्यांतल्या स्त्रिया आणि लाल बावटा, 1920 ते 1982' यावर (लाल बावटा म्हणजे कम्युनिस्टांची गिरणी कामगार युनियन). गाइड म्हणून ज्यांच्याकडे गेले ते म्हणाले विषय जुना झाला, गिरण्या गेल्या, कम्युनिस्ट गेले, टायटलमधे लाल बावटा दिसला तर इंटरव्ह्यूत अडचण होईल, त्यापेक्षा पर्यटन, वारसा असं काहीतरी घे. घरचे म्हणतात आता पर्मनंट नोकरीचं बघ. आणि मला स्वतःलाच भीती वाटते की मी आजीची नात, मी तटस्थ कशी राहणार? दोनदा अर्काइव्हला जाऊन आले, बायका कुठेच सापडल्या नाहीत. मी चुकतेय का? – रिळवालीची नात"

अगं नातबाई,

चुकत नाहीयेस. पण पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू शेवटी टाकलंयस, बायका सापडल्या नाहीत हे, म्हणून मी तिथूनच सुरू करते, कारण ते सुटलं तर गाइड, नोकरी, तटस्थपणा यातलं बरंच आपोआप सुटतं.

तू तिथे जाऊन काय मागितलंस? माझा अंदाज आहे की कॅटलॉगमधे बायका, स्त्रिया, महिला असं शोधलंस आणि हाती काही लागलं नाही. आपण सगळ्यांनी पहिल्यांदा हेच केलंय. पण ज्या कारकुनानं त्या फाइलला नाव दिलं तो बायकांच्या नावानं फाइल उघडत नव्हता, तो उघडायचा संप, टाळेबंदी, पगारकपात, रात्रपाळी, बाळंतपणाचा भत्ता, बंदोबस्त या नावांनी. गिरणीतली बाई सरकारी कागदावर येते कधी, तर तिच्यामुळे कुणाचा तरी खर्च वाढला किंवा कुणाला तरी त्रास झाला की. मग तिथूनच आत शिरायचं. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्र राज्य अभिलेखागारात गृहखात्याच्या 'होम स्पेशल'च्या फाइली आहेत, त्यात 1920 आणि 30 च्या दशकातल्या संपांवरचे पोलीस रिपोर्ट आहेत, कुठल्या सभेत कोण काय बोललं, मोर्चात किती माणसं होती, पिकेटिंग कुठल्या गेटवर होतं. त्या वाचताना 'स्त्रिया' हा शब्द शोधू नकोस, खातं शोध. रीळ खातं आणि वाइंडिंग ही बायकांची खाती, म्हणजे 'रीळ खातं बंद पडलं' असं एक वाक्य दिसलं की शेदोनशे बायकांनी काम थांबवलं असं वाचायचं. त्यात नायकीण दिसते का बघ, कारण रीळ खात्यात भरती, बदली, दंड हे सगळं तिच्या हातात असायचं, पुरुषांच्या खात्यात जॉबर तशी इथे नायकीण, आणि तिच्याविरुद्धचं भांडण हे कागदावर पुष्कळदा 'किरकोळ कारणावरून संप' असं येतं. ते किरकोळ नसतं.

दुसरं म्हणजे लेबर गॅझेट. सप्टेंबर 1921 पासून मुंबई सरकारचं लेबर ऑफिस ते दर महिन्याला काढायचं. रुक्ष वाटेल, पण प्रत्येक तंट्याचं कारण, दिवस, माणसं, निकाल असं त्यात येतं. 1929 ला मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला, देशात असा पहिलाच, त्यानंतर किती जणींनी भत्ता मागितला आणि किती जणींना मिळाला हेही त्यात येऊ लागलं. मागणारी आणि मिळालेली यांच्यातला जो फरक आहे ना, तिथे तुझा अख्खा चॅप्टर बसलाय. का नाही मिळाला? नोकरीचे महिने भरले नव्हते? मधेच काढलं? की नाव बदली, म्हणजे कायम नसलेल्या, कामगारांत होतं? मग रॉयल कमिशन ऑन लेबर, 1929 ते 31, त्याचे साक्षीपुराव्याचे खंड. मालक काय म्हणाले, युनियन काय म्हणाली, समाजसेवी संस्था काय म्हणाल्या. आणि शेवटी 'क्रांती', गिरणी कामगार युनियनचं मराठी साप्ताहिक. सरकार दर आठवड्याला देशी वर्तमानपत्रांचा इंग्रजी सारांश काढायचं आणि बरेच अभ्यासक त्यावरच भागवतात. तू मराठी वाचू शकतेस, तर जिथे मूळ अंक मिळेल तिथे मूळच वाच. सारांश करणाऱ्याला बायकांनी जॉबरला काय शिव्या घातल्या ते लिहायचं काही कारण नव्हतं.

अजून एक गोष्ट सांगते जी मला स्वतःला आजही धरून ठेवते. नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1884 पासून गिरणी कामगारांना एकत्र करायला सुरुवात केली आणि 1890 च्या जूनमधे रविवारची सुट्टी मिळाली, हे आपण शाळेत शिकलो. त्याआधी त्याच वर्षी एप्रिलमधे मोठी सभा झाली, दहाएक हजार कामगार, आणि त्यात दोन बायका कामगार बोलल्या. 1890 साल! पुढच्याच वर्षी 1891 च्या फॅक्टरी कायद्यानं बायकांच्या कामाला 11 तासांची मर्यादा आली आणि रात्रीचं काम बंद झालं. बायकांना 'वाचवणारा' कायदा आणि सभेत उभं राहून बोलणाऱ्या बायका, दोन्ही एकाच वेळचे, आणि यातलं कायद्याचं पुस्तकात आलं आणि बोलणं एका ओळीत उरलं. तुझं काम त्या ओळीचं आहे.

आता वर्षं. 1920 ते 1982 म्हणजे 62 वर्षं, इतकं एका पीएचडीत होत नाही, झालं तर वरवरचं होतं. तू पणजी आणि आजी दोघींना एकाच पुस्तकात बसवायला निघालीस म्हणून हा काळ असा झालाय, मी समजू शकते, पण कागदाला आपल्या घराण्याशी काही देणंघेणं नसतं. पणजीचा काळ म्हणजे 1920 आणि 30. तेव्हा मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाचातली एक कामगार बाई होती. 1928 चा सहा महिन्यांचा संप, दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर, त्यातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली, मार्च 1929 मधे कम्युनिस्टांवरच्या मीरत कटाच्या खटल्यात पुढारी उचलले, पुढची चार वर्षं त्यात गेली, आणि या दरम्यान पार्वतीबाई भोर, उषाताई डांगे यांच्यासारख्या बाया पुढे आल्या ज्यांनी पुढे स्वतःच्या तोंडून हकिकत सांगितली. या काळावर इतिहासकार राधा कुमार यांच्यापासून चांगलं काम झालंय, कागद भरपूर आहे, पण गर्दीही आहे.

आजीचा काळ वेगळा. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानं एका उद्योगात एकच मान्यताप्राप्त युनियन अशी व्यवस्था आली, कापडात ती काँग्रेसच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेली, बाकीच्या युनियन कामगारांत कितीही असल्या तरी वाटाघाटीच्या टेबलावर नाहीत. आणि याच काळात गिरणीतल्या बायका कमी कमी होत गेल्या, 1982 ला अडीच लाख कामगार संपावर गेले तेव्हा त्यात बायका अगदी थोड्या उरल्या होत्या. तुझी आजी त्या थोड्यांतली एक. मला विचारशील तर तुझा विषय इथे आहे. पाचातली एक होती ती शेवटी बोटावर मोजण्याइतकी कशी झाली, आणि ज्या उरल्या त्या कशा उरल्या? पणजी प्रस्तावनेत येऊ दे, प्रबंध आजीच्या काळावर कर.

आणि इथे मला तुला जरा अडवायचंय, कारण 'बायका कमी झाल्या' याचं उत्तर तुझ्या डोक्यात आधीच तयार असणार, मालकांनी काढलं. असेल. बाळंतपणाचा भत्ता द्यायला नको म्हणून भरती थांबवली, रात्रपाळी वाढली आणि बायकांना रात्री काम करायला कायद्यानं बंदी, रॅशनलायझेशनमधे, म्हणजे कमी माणसांत जास्त काम काढायच्या योजनेत, नवीन मशिनं आली ती बायकांच्याच खात्यांवर, ही तिन्ही कारणं मांडली गेलीयत आणि तिन्हीत तथ्य आहे. पण युनियनने काय केलं? पुरुषाला घर चालेल इतका पगार द्या ही मागणी आपल्याच बाजूच्या लोकांची होती ना, मग त्या मागणीत बाईच्या पगाराला जागा होती का? लाल बावट्यानं बायकांच्या नोकऱ्यांसाठी किती वेळा संप केला आणि किती वेळा तो मुद्दा तडजोडीत सोडून दिला? हा प्रश्न विचारताना तुला वाईट वाटेल, मला वाटलं होतं. तरी विचारायचाच.

यावरून तुला एक अमेरिकेतली केस सांगते, लेबर आणि जेंडरवर काम करणाऱ्या प्रत्येकीला माहीत असावी अशी. सीअर्स नावाची मोठी दुकानांची कंपनी, तिच्यावर तिथल्या समान रोजगार आयोगानं 1979 मधे केस केली की कमिशनवरच्या, जास्त पैशाच्या विक्रीच्या जागा तुम्ही बायकांना देत नाही. कोर्टात दोन बाजूंनी दोन इतिहासकार उभ्या राहिल्या, दोघीही बायकांच्या इतिहासाच्या अभ्यासक. कंपनीच्या बाजूनं रोझलिंड रोझेनबर्ग म्हणाल्या की बायकांच्या अपेक्षा आणि प्राधान्यं ऐतिहासिकदृष्ट्या वेगळी राहिलीयत, घर, वेळ, कमी स्पर्धेचं काम, म्हणून त्या जागांवर बायका कमी दिसल्या तर तो भेदभावच असेल असं नाही. आयोगाच्या बाजूनं अ‍ॅलिस केसलर-हॅरिस म्हणाल्या की बायका काय 'निवडतात' ते समोर काय ठेवलंय यावर ठरतं, संधी मिळाली तेव्हा तेव्हा बायकांनी ती कामं केलीयत. 1986 ला निकाल कंपनीच्या बाजूनं लागला, अपिलातही टिकला. केसलर-हॅरिस तोवर नावाजलेल्या लेबर हिस्टोरियन होत्या, आयुष्यभर हेच काम, आणि तरी हरल्या. पण माझ्या मते त्यातून आपल्याला शिकण्यासारखं हे आहे की 'बायकांना तेच हवं होतं' आणि 'बायकांना दुसरं काही दिलंच नाही' ही दोन वाक्यं एकाच आकड्यावरून काढता येतात. आकडा आपोआप आपल्या बाजूचा नसतो. तुझ्यासमोर हाच प्रश्न उभा राहील, एखादी बाई म्हणेल "मीच सोडली गं नोकरी, पोरं लहान होती", आणि तुला ठरवावं लागेल की या 'मीच' चं काय करायचं. ते खोडायचं नाही. आणि तसंच्या तसं उत्तर म्हणून घ्यायचंही नाही. त्या वर्षी पाळणाघर होतं का, पाळी बदलली होती का, खात्यात किती जणी उरल्या होत्या, सासू जिवंत होती का, हे सगळं त्या 'मीच' च्या भोवती उभं करायचं.

म्हणजे तटस्थपणाचं उत्तर झालंच. मी तटस्थ राहा असं तुला सांगणार नाही, कारण मला तसं राहता आलेलं नाही आणि ज्यांनी या विषयात काही महत्त्वाचं लिहिलं त्यांनाही नाही. गेल ऑम्व्हेट अमेरिकेतून आल्या, 1973 मधे बर्कलेला ब्राह्मणेतर चळवळीवर पीएचडी केली, मग सांगली जिल्ह्यात कासेगावला राहिल्या, भारताचं नागरिकत्व घेतलं, शेतमजूर बायकांच्या, दुष्काळी भागातल्या चळवळीत स्वतः फिरल्या आणि लिहीत राहिल्या, 2021 मधे तिथेच गेल्या. त्यांच्या लिखाणाशी मी अनेक ठिकाणी सहमत नाही पण त्यांची बाजू कुठली हे त्यांनी कधी लपवलं नाही आणि म्हणूनच त्यांच्याशी भांडता येतं. बाजू घे. फक्त कागदाला तुझी बाजू घ्यायला लावू नकोस. एक करून बघ, प्रत्येक चॅप्टर लिहायच्या आधी एका पानावर लिहून काढ की काय सापडलं तर माझं म्हणणं चूक ठरेल, आणि मग तेच शोधायला जा.

आजीच्या मुलाखतीबद्दल मात्र माझी एक चूक सांगते म्हणजे तू करणार नाहीस. मी सुरुवातीला एका बाईंना भेटायला गेले तेव्हा युनियनचे एक जुने कार्यकर्ते मला घेऊन गेले होते आणि ते तिथेच बसून राहिले. बाई दोन तास बोलल्या, संप, मोर्चे, लाठीमार, सगळं बरोबर, सगळं ऐकलेलं. चार महिन्यांनी मी एकटी गेले तर पहिल्या दहा मिनिटांत त्यांनी सांगितलं की संपात घर कसं चाललं, मंगळसूत्र कुठे गहाण टाकलं, आणि नवऱ्याला न सांगता त्या कुठे काम करायला जात होत्या. ती पहिली टेप मी प्रबंधात वापरली नाही. तू आजीची मुलाखत घेशील तेव्हा घरातलं कुणी, विशेषतः तुझे बाबा किंवा काका, समोर नसू देत.

आणि ती तारखा चुकवेल. चुकवू दे. इटलीत तेर्नी नावाचं पोलाद कारखान्यांचं गाव आहे, तिथे 1949 मधे नाटोविरोधी निदर्शनात लुइजी त्रास्तुल्ली नावाचा तरुण कामगार पोलिसांच्या गोळीनं मेला. मौखिक इतिहासाचे अभ्यासक अलेस्सांद्रो पोर्तेल्लींनी बऱ्याच वर्षांनी तिथल्या लोकांच्या मुलाखती घेतल्या तर अनेकांनी सांगितलं की तो 1953 च्या कामगारकपातीविरुद्धच्या आंदोलनात मेला. पोर्तेल्लींनी 'म्हाताऱ्यांना आठवत नाही' म्हणून ते सोडून दिलं नाही, त्यांनी विचारलं की सगळ्यांची आठवण एकाच बाजूला का सरकली, आणि उत्तर असं की 1949 चं मरण लोकांना न परवडणारं होतं, त्याला काही जबाब देता आला नव्हता, 1953 ला निदान ते लढले होते. आजीने एखादी गोष्ट 1974 ऐवजी 1982 मधे नेली तर वर्ष दुरुस्त करून गप्प बसू नकोस, ती तिथे का नेली ते विचार.

अजून एक, गेटच्या आतच बघत बसू नकोस. 1950 नंतर गिरणीतली बाई कमी झाली पण गिरणगावातली बाई कुठे गेली? ती खानावळ चालवत होती, गाळ्यात एकट्या राहणाऱ्या कामगारांना दोन वेळ जेवू घालत होती, संपात उधारीवर. लेबर गॅझेटमधे ती कामगार नाही, पण तिच्याशिवाय संप दोन आठवडे तरी टिकला असता का? 1975 मधे प्रेमा पुरव यांनी अशा खानावळवाल्यांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, प्रेमाताई कम्युनिस्ट चळवळीतल्या. त्याच्या थोडं आधी 1972-73 मधे महागाईविरोधात लाटणं मोर्चे निघाले, मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, आणि मागे हजारो बायका, त्यातल्या कितीतरी गिरणी कामगारांच्या घरातल्या. ज्या लाल बावट्याला तू खात्यात शोधतेयस तो कदाचित तोवर खात्यातून निघून चाळीत गेला होता. हे खरं ठरलं तर तो तुझा स्वतःचा शोध असेल.

जात विसरू नकोस. 'गिरणीतल्या बायका' असा एक गठ्ठा नाही. साचे खात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा म्हणून दलित कामगारांना तिथे घ्यायचे नाहीत, जास्त पगाराचं खातं ते, आणि 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा मुद्दा काढला तेव्हा युनियनला तो सोयीचा नव्हता. त्याच वर्षी ते मुंबई कौन्सिलात बाळंतपणाच्या भत्त्याच्या बिलाच्या बाजूनं बोलले. मग बायकांच्या खात्यांत काय होतं? रिळावर कोण होत्या, कचरा वेचायला कोण होत्या, पाण्याचा माठ कुणाचा? आजीला हे विचारायला तुला संकोच वाटेल आणि तिला सांगायला त्याहून जास्त, पण हा प्रश्न टाळलेला प्रबंध मी तरी वाचणार नाही.

आता गाइड. विषय जुना झाला हे त्यांचं म्हणणं मला पटत नाही, गिरण्या जाणं म्हणजे विषय संपणं नव्हे, कागद आणि माणसं दोन्ही आता हातातून चाललीयत म्हणून तो आत्ताच करायचा विषय आहे. पण टायटलबद्दल ते अर्धे बरोबर आहेत, त्यांनी दिलेल्या कारणामुळे नाही. लाल बावटा हे काही घोषणावाक्य नव्हे, ते युनियनचं नावच होतं, त्याला घाबरायचं कारण नाही. मात्र तू 1946 नंतरचा काळ घेतलास तर तुझ्यासमोर मिल मजदूर संघ येणार, समाजवाद्यांची मिल मजदूर सभा येणार, शिवसेनेची गिरणी कामगार सेना येणार, शेवटी दत्ता सामंतांची युनियन येणार, आणि बायका या सगळ्यांत वाटलेल्या असणार. मग टायटलमधे फक्त लाल बावटा चूक आहे. ते पुराव्यामुळे बदल, इंटरव्ह्यूच्या भीतीनं बदलू नकोस. त्या गाइडचं मन वळत नसेल तर स्त्री अभ्यास किंवा समाजशास्त्रातला सह-मार्गदर्शक घेता येतो का ते विद्यापीठात विचार. एसएनडीटीचं स्त्री अभ्यास केंद्र 1974 पासून आहे, देशातलं पहिलं, आणि मुंबईत स्पॅरो या संस्थेकडे बायकांच्या मुलाखतींचा, फोटोंचा संग्रह आहे. तिथे जाऊन बसायला लाग, गाइड अशा ठिकाणीच भेटतात.

नोकरीचं मी गोड करून सांगणार नाही. या विषयानं नोकरी मिळेल असं कुणी तुला म्हणालं तर विश्वास ठेवू नकोस, पर्यटनानं मिळेल असं म्हणालं तरी ठेवू नकोस, कारण जागाच निघत नाहीत. मला एका निवड समितीत विचारलं होतं की बायकांच्या मजुरीत संशोधन करण्यासारखं काय आहे, आणि ती जागा मला मिळाली नाही. पुढे दुसरीकडे मिळाली, सहा वर्षांनी. अमेरिकेत स्टॉटन लिंड नावाचे इतिहासकार येलला शिकवायचे, 1965 च्या डिसेंबरात व्हिएतनाम युद्धाला विरोध म्हणून हनोईला जाऊन आले, त्यानंतर विद्यापीठांचे दरवाजे बंद होत गेले, ते वकील झाले आणि ओहायोत पोलाद कामगारांच्या केसेस लढले. किंमत असते. ती देणारी माणसं वेडी नव्हती पण किंमत होती हे खरंय.

एक व्यवहाराची गोष्ट कळली पाहिजे तुझ्या घरच्यांना. जुलै 2023 पासून असिस्टंट प्रोफेसरसाठी नेट किंवा सेट पुरतं, पीएचडी सक्तीची नाही. म्हणजे पात्रता तुझ्याकडे आजच आहे. पीएचडी केली नाही म्हणून जागा अडलीय असं नाही, आणि केली की लगेच मिळेल असंही नाही. म्हणून पीएचडी नोकरीसाठी करू नकोस, प्रश्नासाठी कर, आणि पैशाची सोय वेगळी बघ. तू 32 ची आहेस, जेआरएफला (नेटमधून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) वयाची अट 30 आणि बायकांना 5 वर्षांची सवलत, म्हणजे नेटचे थोडेच अटेम्प्ट हातात आहेत, यंदाच बस. जेआरएफ मिळाली तर महिना 37,000 आणि दोन वर्षांनी 42,000, सीएचबी सोडावं लागेल, पण सीएचबीचे पैसे किती महिने लटकतात ते मी तुला सांगायला नको. बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या शिष्यवृत्त्यांतलं तुला कुठलं लागू होतं तेही बघ. यूजीसीच्या 2022 च्या नियमांत पीएचडीच्या काळात बायकांना बाळंतपण आणि मूल सांभाळायला 240 दिवसांपर्यंत रजा आहे, शिवाय मुदतीत 2 वर्षांची जादा सवलत, हे लेखी माहीत असू दे, कारण ऑफिसात कुणी आपणहून सांगत नाही. पणजीच्या वेळी भत्ता मागणाऱ्या बाईला जे झालं ते तुझ्याबाबतीत होऊ नये.

आणि वय गेलं असं मनात असेल तर गेर्डा लर्नर, व्हिएन्नातून नाझींच्या तावडीतून सुटलेल्या, अमेरिकेत घर, दोन मुलं, डाव्या चळवळीत काम, कॉलेजला गेल्या चाळिशीच्या आसपास आणि कोलंबियातून डॉक्टरेट घेतली 1966 ला, तेव्हा 46 वर्षांच्या. सहा वर्षांनी त्यांनी बायकांच्या इतिहासाचा पदव्युत्तर कोर्स उभा केला. आपल्याकडे तर मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार. दोघींपैकी कुणीच विद्यापीठात इतिहासाच्या प्राध्यापक नव्हत्या, नोकरी-घर सांभाळून, पत्ते शोधत, दारं ठोठावत त्यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायका गाठल्या आणि 1989 ला 'आम्हीही इतिहास घडवला' आलं. त्या नसत्या गेल्या तर त्यातल्या कितीतरी जणींचा आवाज आज कुठेच नसता. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या शंभरेक लोकांच्या मुलाखती घेतल्या त्याही वेळेवर घेतल्या म्हणून आहेत.

तू आजीचं वय लिहिलं नाहीस. 1982 ला कामावर होती म्हणजे मी हिशोब करू शकते. अर्काइव्ह, नेट, गाइड, सिनॉप्सिस हे पुढच्या महिन्यात केलं तरी चालेल, आजीकडे या रविवारी जा. मोबाइलवर रेकॉर्ड कर, तिला विचारून कर, सुरुवातीला तारीख आणि जागा बोल, आणि झालं की फाइल दोन ठिकाणी ठेव. संपाचं पहिल्या दिवशी काढू नकोस, ते तिने शंभर वेळा सांगितलं असेल. भोंगा व्हायच्या आधी उठून ती काय काय करायची आणि कामावर जाताना मूल कुणाकडे ठेवायची, एवढंच विचार आणि मधे बोलू नकोस. काय सांगितलं ते मला कळव.